शाळा जूनऐवजी एप्रिलमध्ये सुरू झाल्यास काय बदलेल?

राज्य मंडळाच्या शाळा जूनऐवजी 1 एप्रिलला सुरू झाल्या, तर मुलांवर, शिक्षकांवर आणि शाळेच्या कारभारावर काय परिणाम होईल, असे आपण विचारले आहे. मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवतो, त्यामुळे हे उत्तर तिथल्या अनुभवातून आलेले आहे. माझ्या मते वर्षाचा पहिला महिना ठरवण्याआधी कोणत्या महिन्यात कोणती मुले वर्गात असतात, हे पाहायला हवे.

शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस व 800 तास, तर सहावी ते आठवीसाठी 220 दिवस व 1000 तास अध्यापन व्हावे लागते. वर्ष कधीही सुरू केले तरी हे दिवस भरावेच लागतात. ते उन्हात भरायचे, पावसात भरायचे की सुगीत, एवढेच वेळापत्रकाच्या हाती असते. सध्या पहिले सत्र जूनच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत आणि दुसरे दिवाळीनंतर एप्रिलपर्यंत चालते. विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात. 2025 मध्ये इतरत्र त्या 16 जूनला आणि विदर्भात 23 जूनला सुरू झाल्या.

आमच्या भागात दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून, म्हणजे टोळीसाठी मजूर जमवणाऱ्या माणसाकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, त्यामुळे जायचे की नाही हा पर्याय पालकांकडे उरत नाही, आणि घरी सांभाळायला आजी-आजोबा नसतील तर मुलेही बरोबर जातात. दिवाळीची सुटी संपल्यावर हजेरीपटावर नावे तीच असतात, पण काही नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा महिनोन्‌महिने लागत राहतात. दुसरे सत्र जवळजवळ नेमके कारखान्यांच्या ऊस गाळप हंगामातच येते. मार्च-एप्रिलमध्ये परतलेले तिसरीतले मूल मोळ्या बिनचूक मोजते, मात्र दिवाळीपूर्वी अडखळत का होईना वाचत असलेला परिच्छेद त्याला पुन्हा अक्षर लावून वाचावा लागतो, आणि लगेच वार्षिक परीक्षा समोर उभी राहते. गावातील हंगामी वसतिगृहे आणि कारखान्यांजवळ या मुलांसाठी चालणाऱ्या साखरशाळा यांनी बऱ्याच मुलांना आधार दिला आहे, तरी लहान मुलांना आईपासून दूर वसतिगृहात ठेवायला अनेक पालक तयार होत नाहीत.

एप्रिलमध्ये नवे वर्ष सुरू झाले तर या मुलांचे काय होईल? एका बाजूने लाभ दिसतो: ती परततील तेव्हा पुस्तक पहिल्या पानापासून उघडलेले असेल आणि दिवाळीपर्यंत त्यांना आजच्यापेक्षा थोडा अधिक सलग काळ मिळेल. परंतु वार्षिक परीक्षा मार्चमध्ये, म्हणजे ती उसाच्या फडावर असतानाच होईल. पाचवी आणि आठवीला 2023-24 पासून वार्षिक परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक केले आहे. पुनर्परीक्षेची सोय असली तरी ही गैरहजेरी आता अधिक महाग पडते. मला सर्वाधिक काळजी याच गोष्टीची वाटते.

उन्हाचा प्रश्न उघड आहे. पत्र्याच्या खोलीत एप्रिलमध्ये सकाळची शाळासुद्धा शेवटच्या तासाला असह्य होते, आणि ज्या गावात टँकरची वाट पाहावी लागते तिथे मुलांच्या पिण्याच्या पाण्यापासून पोषण आहार शिजवण्यापर्यंत सगळेच अडते. गोव्यात 2025 मध्ये सहावी ते दहावी आणि बारावीचे वर्ष 7 एप्रिलला सुरू करण्यात आले, तेव्हा पालकांचा विरोध न्यायालयापर्यंत गेला होता.

शिक्षकांच्या बाजूने पाहिले तर आम्ही दीर्घ सुटीचे कर्मचारी आहोत, त्यामुळे इतर कर्मचाऱ्यांएवढी अर्जित रजा आम्हाला मिळत नाही. मे महिन्याची सुटी हीच घरची कार्ये, औषधोपचार आणि गावी जाणे यांसाठीची वेळ असते, आणि निवडणुकीसारखी कामे तीही कधी कधी खातात. निकाल व नवे वर्ष यांच्यात चार-सहा दिवसांचेच अंतर राहिले तर मागे पडलेल्या मुलांचा विचार करून पुढच्या वर्षाची आखणी करायला उसंतच उरणार नाही. कार्यालयीन घडीही बदलावी लागेल: मोफत पाठ्यपुस्तके मार्चअखेर केंद्रशाळेपर्यंत (आसपासच्या शाळांची मुख्य शाळा) पोहोचायला हवीत, आणि बदल्या मे महिन्यात झाल्या तर नव्या वर्गाचा शिक्षक सुटीनंतर बदललेला असेल.

एप्रिलच्या बाजूनेही सांगण्यासारखे आहे. पालकांची बदली झाल्यावर एप्रिलमध्येच वर्ष सुरू करणाऱ्या केंद्रीय मंडळाच्या (सीबीएसई) शाळेत जाणाऱ्या किंवा तिथून येणाऱ्या मुलाला वर्ष जुळवून घेणे सोपे जाईल, आणि शहरातील अनेक पालकांना हेच महत्त्वाचे वाटते. त्यांची गरज खरी आहे.

तरीही राज्यभर एकच तारीख असावी, असे मला वाटत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 9 मध्ये शैक्षणिक वेळापत्रक ठरवणे आणि स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणे, ही दोन्ही कर्तव्ये स्थानिक प्राधिकरणावर टाकलेली आहेत. कोकणात गणपतीच्या सुट्ट्या वाढवून दिवाळीच्या कमी करतात आणि उर्दू शाळांच्या सुट्ट्या रमजानप्रमाणे ठरतात, तेव्हा दिवसांची एकूण संख्या सांभाळूनच हे केले जाते. त्याच अधिकारात बीडमधील ऊसतोडीच्या गावांत दिवाळीपूर्वी अधिक दिवस शाळा भरवता येईल, पावसाळ्यातील काही शनिवार पूर्ण वेळ घेता येतील, आणि परतलेल्या मुलांची परीक्षा महिनाभराच्या उजळणीनंतर स्वतंत्रपणे घेता येईल.