पुस्तक निवडताना स्टार रेटिंग बघावं की जाणकारांची निवड?

प्रश्न असा आहे: "४.३ रेटिंग आणि हजारो रिव्ह्यू बघून एक कादंबरी घेतली, साठ पानांत सोडली. मग मोठा पुरस्कार मिळालेली घेतली, ती तर तीस पानांतच सोडली. आता ऐकायचं कुणाचं, लोकांचं की परीक्षकांचं?"

दोघांचंही नका ऐकू, असं एका ओळीत लिहून मोकळं होता आलं असतं, पण हा विषय निघाला की मला राहवत नाही आणि घरचे हळूच उठून आतल्या खोलीत जातात. तेव्हा वेळ असेल तर वाचा.

आमचा एक वाचनगट होता. चौदा जण. महिन्याला एक पुस्तक, सगळ्यांनी तेच वाचायचं आणि महिनाअखेरीला बसून त्यावर भांडायचं. पुस्तक ठरवायच्या एक ताई. त्यांना कुणी नेमलं नव्हतं, पण त्यांनी नाव काढलं की बाकीचे माना डोलवायचे, कारण वाचन दांडगं आणि आवाजही तसाच. मला हे खुपायचं. माझं म्हणणं सरळ होतं, वाचणार चौदा जण तर ठरवावं चौदा जणांनी, पाचामुखी परमेश्वर म्हणतात ते उगाच नाही. त्यात मी दिवसभर आकड्यांत राहणारा माणूस, त्यामुळे एका रविवारी बसून एक्सेल शीट केलं, प्रत्येकानं एक पुस्तक सुचवायचं, सगळ्यांनी सगळ्या पुस्तकांना दहापैकी मार्क द्यायचे, मार्क देणाऱ्याचं नाव लपलेलं, आणि सरासरीत जे वर येईल ते त्या महिन्याचं पुस्तक. त्या शीटचा मला काय अभिमान होता म्हणून सांगू. दोन दशांशापर्यंत सरासरी, वरच्या पुस्तकाला आपोआप हिरवा रंग, खालच्याला लाल.

पहिल्याच महिन्यात ताईंनी एक जाडजूड कादंबरी सुचवली होती, जी त्यांनी स्वतः तीनदा वाचलेली. तिला सरासरी पडली ६.२९. आणि दुसऱ्या कुणीतरी सुचवलेल्या एका पळापळीच्या थ्रिलरला सगळ्यांनी सहा-सात-आठ देऊन बरोबर ७.०० केले. थ्रिलर हिरवा, ताई लाल.

ताईंनी शीटवरून खालपर्यंत बोट फिरवलं आणि विचारलं, "दहापैकी हे तीन मार्क कुणाचे?"

कुणी बोललं नाही.

"बरं, नाव नका सांगू. वाचून दिलेत का न वाचता, एवढंच सांगा."

तरी कुणी नाही. मग माझ्याकडे वळून, "तू केलंयस ना हे, तुला तरी दिसत असेल?" मी म्हटलं, नाही ताई, सिस्टीमच तशी आहे, मलाही नाही दिसत. आणि वर लेक्चरही दिलं, की एकेकाच्या मार्कात अडकायचं नसतं, चौदा जणांची बेरीज झाली की एकेकाची चूक आपोआप धुऊन निघते. त्या म्हणाल्या, "मग तुझ्या शीटला एकदा विचार की, त्याला कुठलं आवडलं?" सगळे हसले. मी सोडून.

पुढच्या महिन्यात त्यांनी हट्टानं शीटमध्ये एक कॉलम वाढवायला लावला: वाचलंय का, हो की नाही. जुन्या महिन्याचाही भरून घेतला. आणि तिथं माझी हवा गेली. ताईंची कादंबरी चौदांपैकी चौघांनी वाचली होती आणि त्या चौघांचे मार्क होते ९, १०, १०, ९. उरलेल्या दहा जणांनी कव्हर बघून, जाडी बघून, "ती फार बोअर आहे म्हणे" असं ऐकून मार्क दिले होते, आणि त्या दहा जणांच्या अंदाजानं चौघांचा अनुभव बुडवला होता. एक्सेलला काय, त्याला दोन्ही आकडे सारखेच.

न वाचता मार्क देणारे आमच्याकडेच होते असं समजू नका. २०२३ मध्ये एलिझाबेथ गिल्बर्ट या अमेरिकन लेखिकेनं रशियात घडणारी नवी कादंबरी जाहीर केली, तिकडे युक्रेनचं युद्ध चालू, त्यामुळे लोक चिडले आणि गुडरीड्स या वाचकांच्या रेटिंगच्या साइटवर त्या पुस्तकाला शेकड्यांनी एक-एक स्टार पडले. पुस्तक तेव्हा छापलंही नव्हतं हो! बाईंनी शेवटी प्रकाशन थांबवलं. लोकांचा राग बरोबर की चूक हा वेगळा वाद आहे, मला एवढंच म्हणायचंय की त्या स्टारांमध्ये पुस्तकाबद्दल काहीही नव्हतं.

असो, शीट आम्ही जवळजवळ वर्षभर चालवलं. अकरा पुस्तकं वाचली. त्यातलं एकही वाईट नव्हतं आणि तीच तर गोम आहे, कारण त्यातली आज मला नावानिशी तीन आठवतात. भांडणं बंद झाली. "चांगलं होतं", "हो, छान होतं", आणि पंधरा मिनिटांत गप्पा दुसरीकडे. चौदाचे सहा जण यायला लागले. कारण साधं आहे. सातजणांनी दहा आणि सातजणांनी तीन दिलेलं पुस्तक सरासरीत साडेसहावर येतं, आणि सगळ्यांनी निमूट सात दिलेलं त्याच्या वर जातं. म्हणजे निम्म्या लोकांना जे आयुष्यभर पुरेल ते बाद, आणि कुणालाच न टोचणारं पास. तुमची ती ४.३ वाली कादंबरी माझ्या मते याच जातीची असणार. किंवा मालिकेतला पुढचा भाग असेल, तिथे तर गंमतच असते, पहिला भाग ज्यांना आवडला नाही ते पुढच्या भागाकडे फिरकतच नाहीत, मग पाचव्या भागाला मार्क देतात ते फक्त भक्त, आणि रेटिंग बहुतेक वेळा चढतच जातं.

शिवाय लोकांचं मत म्हणून जे आपण बघतो ते लोकांनी आपापलं दिलेलं असतं यावर माझा आता विश्वास नाही. २००६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात सॅल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स यांचा एक प्रयोग छापून आला होता, गाण्यांवरचा आहे पण पुस्तकांना चपखल बसतो. चौदा हजारांवर लोक, ४८ अनोळखी गाणी. एका गटाला आधीच्यांनी काय डाउनलोड केलं ते दिसत नव्हतं, बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या दुनियांत वाटलेलं आणि तिथं आपापल्या दुनियेतले डाउनलोडचे आकडे दिसत होते. जे गाणं आकडे लपवलेल्या गटात सव्विसावं होतं तेच एका दुनियेत पहिलं आलं आणि दुसरीत चाळिसावं. तेच गाणं! फार चांगलं गाणं सहसा तळाला गेलं नाही आणि फार वाईट वर आलं नाही, हे खरं, पण मधल्यांचं काहीही होऊ शकत होतं. पहिले पाच-दहा जण कोण आले त्यावर सगळं. तुम्ही जे हजारो रिव्ह्यू म्हणताय त्यातले सुरुवातीचे थोडे सोडले तर बाकीच्यांनी मत देण्याआधी ते ४.३ बघितलेलं होतं.

मतदानाचा नमुनाच हवा असेल तर १९९८ सालचा घ्या. मॉडर्न लायब्ररी या प्रकाशनानं विसाव्या शतकातल्या शंभर उत्तम इंग्रजी कादंबऱ्यांची यादी आपल्या मंडळाकडून करून घेतली, आणि शेजारी वाचकांची मतंही मागवली. दोन लाखांहून जास्त मतं आली. वाचकांच्या पहिल्या दहांत आयन रँडच्या चार आणि सायंटॉलॉजी पंथाचा संस्थापक रॉन हबर्ड याच्या तीन. दहापैकी सात जागा दोन माणसांना! एवढ्या मोठ्या भाषेत एका शतकात दोनच लेखक झाले की काय? मतदानात पुस्तक जिंकत नाही, ज्याची फौज हजर राहते तो जिंकतो.

हे वाचून ताई जिंकल्या असं वाटत असेल तर थांबा. कारण शीट बंद झाल्यावर ताईंनी त्यांचा प्रयोग केला. गटातल्या तीन जाणत्या वाचकांची समिती, त्यांनी ठरवायचं, बाकीच्यांनी वाचायचं. (मी समितीत नव्हतो हे सांगायला नको.) तिघांचीही पहिली पसंती वेगळी, तिघेही हट्टी, दोन-दोन तास फोन चालायचे आणि शेवटी निघायचं काय, तर तिघांपैकी कुणाचंच लाडकं नसलेलं, पण तिघांनाही "चालेल" वाटणारं चौथंच पुस्तक. म्हणजे फिरून माझी सरासरीच की! फक्त चौदांऐवजी तिघांची, आणि एक्सेलऐवजी फोनवर. हे मी ताईंना तेव्हा बोलून दाखवलं आणि आमचं बोलणं काही महिने बंद होतं.

मोठ्या ठिकाणीही काही वेगळं नसतं. बुकरचे परीक्षक साधारण पाच असतात आणि दरवर्षी बदलतात, म्हणजे तेच पुस्तक आदल्या वर्षी आलं असतं तर निकाल वेगळा लागला असता. २०१९ मध्ये तर पारितोषिक विभागायचं नाही असा स्पष्ट नियम असूनही परीक्षकांनी तो मोडून दोघींना दिलं, एकमत होईना म्हणून. साहित्याचं पहिलं नोबेल १९०१ मध्ये सुली प्रुदोम या फ्रेंच कवीला मिळालं, तेव्हा टॉलस्टॉय हयात होते, १९१० पर्यंत होते, आणि त्यांना ते कधीच मिळालं नाही. आज प्रुदोम कोण वाचतं? आणि मॉडर्न लायब्ररीच्या त्या मंडळात दहा जण होते, त्यात बाई एक. जाणकार म्हणजे हवेतून मत देणारे नसतात, तेही कुठल्यातरी खुर्चीत बसलेले असतात.

आता तुमच्या पुरस्कारवाल्या कादंबरीबद्दल. २०१४ मध्ये दोन संशोधकांनी पुरस्कार मिळालेली पुस्तकं आणि शॉर्टलिस्टवर येऊन हुकलेली पुस्तकं यांचं वाचकांकडून आलेलं रेटिंग ताडून बघितलं. पुरस्कार जाहीर झाल्यावर विजेत्या पुस्तकाचं रेटिंग घसरतं असं दिसलं. आधी जे वाचत होते ते त्या पद्धतीचं लिखाण आवडणारे, आणि नंतर येतात ते शिक्का बघून आलेले, तुमच्यासारखे. पुस्तक तेच आहे, वाचक बदलला. त्यामुळे ती कादंबरी वाईट असेलच असं नाही, तुम्ही तिच्या वाटेला एरवी गेलाच नसतात एवढंच, आणि तिनं काही तुम्हाला बोलावलं नव्हतं.

मग करायचं काय? मी सरासरी बघतच नाही, पट्टे बघतो, म्हणजे पाच स्टार किती आणि एक स्टार किती. दोन्ही टोकांना ढीग आणि मध्ये खड्डा असेल तर मी पुस्तक उचलतो, किमान भांडता तरी येईल. मग दोन आणि तीन स्टारवाले रिव्ह्यू, कारण पाचवाला आरती करतो, एकवाला शिव्या देतो, आणि तीनवाला बिचारा नक्की काय खटकलं ते सांगतो, आणि त्याला खटकलेली गोष्टच पुष्कळदा आपल्याला हवी असते. "शंभर पानं काहीच घडत नाही" हे काहींसाठी आमंत्रण आहे. पण सगळ्यात वर म्हणजे एक माणूस शोधा. एकच. समिती नको, जमाव नको. जो स्वतःच्या नावानं "हे वाच" म्हणतो, पुस्तक फसलं तर ज्याला जाऊन धरता येतं, आणि ज्याची आवड तुम्हाला पाठ आहे, मग ती तुमच्या उलट का असेना. मला एक मित्र आहे, त्याला जे रटाळ वाटतं ते मी डोळे मिटून घेतो, इतकी वर्षं झाली, चुकला नाही.

हे सगळं कथा-कादंबऱ्यांपुरतं, बरं का. प्रोग्रामिंगचं, परीक्षेचं, व्याकरणाचं पुस्तक घ्यायचं असेल तर सरळ रेटिंग बघा, तिथे उपयोग झाला की नाही हे वापरणाऱ्याला कळतं. लहान मुलांच्या पुस्तकांतही मुलांचंच ऐका, परीक्षकांचं अजिबात नको. आणि जाणकारांच्या याद्या नसत्या तर कित्येक लेखकांची नावंही माझ्या कानावर आली नसती, हे मान्य करतो. यादी बघावी, फक्त तिच्यातला क्रमांक बघू नये. माझा तो प्रयोग म्हणजे चौदा माणसांचा, त्यावरून जग ठरवू नका, असंही कुणीतरी खाली लिहीलच, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

गट पुढे कसाबसा एक वर्ष चालला. शेवटी पद्धत अशी झाली की पाळीनं एकेकानं एक पुस्तक निवडायचं, बाकीच्यांनी तोंड मिटून वाचायचं आणि मग सगळा राग त्या एकावर काढायचा. भांडणं परत सुरू झाली, माणसंही परत आली. ही कल्पना ताई माझी म्हणतात आणि मी त्यांची म्हणतो, तो वाद अजून मिटलेला नाही.

आणि ताई, तुम्ही इथे असता हे मला माहीत आहे, तर ते तीन मार्क माझे होते. नावांचा कॉलम मला दिसत होता. पुस्तक मी ऐंशीव्या पानावर सोडलं होतं. मागच्या महिन्यात परत काढलं, या वेळी पूर्ण वाचलं, दोनदा रात्री उशीर झाला. आठ देतो. शेवटची चाळीस पानं फसलीयत या मतावर मी अजून ठाम आहे, फोन करा.