फराळाच्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवर घेताय? बॉटची घाई नको

बॉट म्हणजे ग्राहकाला आपोआप उत्तरं देणारा प्रोग्राम. तो घेण्याआधी साधं व्हॉट्सॲप बिझनेस ॲप नीट लावा. आपोआप जाणाऱ्या स्वागत संदेशात दरपत्रक कोंबू नका. हा संदेश नव्या ग्राहकाला जातो, जुन्याला 14 दिवस बोलणं झालं नसेल तरच. दर, घरपोच भाग, आगाऊ रक्कम ही ठरलेली उत्तरं ‘क्विक रिप्लाय’मध्ये ठेवा. 50 पर्यंत बसतात, पण आठ-दहा पुरतात. तिरकी रेघ (/) टाइप केली की यादी उघडते. रात्रीसाठी ‘अवे मेसेज’, म्हणजे तुम्ही नसताना आपोआप जाणारा निरोप, लावा. मात्र फोनचं नेट बंद असेल तर तो जातच नाही, आणि गिऱ्हाईक समजतं दुकान बंद.

एकच निरोप अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या ब्रॉडकास्ट यादीत 256 जण मावतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. ‘मेसेज आलाच नाही’ या तक्रारीचं मूळ बहुधा इथंच असतं.

पुढे बॉट घेतलात तर शब्द ओळखणारा घेऊ नका. आपली माणसं मराठी रोमन लिपीत लिहितात, एका चकलीची चार स्पेलिंगं करतात, आणि काकू मंडळी तर थेट व्हॉइस मेसेजच पाठवतात. आकड्यांचा मेनू ठेवा: 1 दर, 2 ऑर्डर, 3 माणसाशी बोला. तिसरा पर्याय कधीही काढू नका. ग्राहकाच्या शेवटच्या मेसेजनंतर 24 तास उलटले की बॉटला फक्त व्हॉट्सॲपकडून आधी मंजूर झालेला साचाच (ठरलेला मजकूर) पाठवता येतो, म्हणून ‘डबा निघाला’ हा साचा दिवाळीच्या बऱ्याच आधी मंजूर करून घ्या.

वजन आणि पत्ता मात्र स्वतः विचारून पक्का करा. ‘अर्धा’ म्हणजे अर्धा किलो की अर्धा डझन, ते बॉट ठरवणार नाही.