आपले प्रश्न : निवृत्त जवानाची उडालेली झोप

प्रश्न : माझे पती गेल्या वर्षी पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. नियंत्रण रेषेवरील चौकीत असताना तोफगोळ्यांच्या माऱ्यात त्यांचा सहकारी त्यांच्या डोळ्यांदेखत गेला. आता ते रात्री दचकून उठतात, वरातीतले फटाके वाजले की घराबाहेर निघून जातात आणि कँटीनची रम रोजच लागते. डॉक्टरांचे नाव काढले की ‘मी वेडा आहे का?’ म्हणून चिडतात. पेन्शनवर गदा येईल, अशीही धास्ती आहे. मी काय करावे?
– एक भगिनी, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, आपण लिहिलेली लक्षणे आघातोत्तर तणावाच्या आजाराशी, म्हणजे पीटीएसडीशी, जुळतात, निदान मात्र मनोविकारतज्ज्ञच प्रत्यक्ष तपासून करतील. पहिल्या महायुद्धात अशा जवानांना भित्रे ठरवले जाई, आणि या आजाराला वैद्यकीय वर्गीकरणात आजचे नाव मिळायला 1980 साल उजाडले. उपचार घेतल्याने निवृत्तिवेतन थांबत नाही, हे त्यांना स्पष्ट सांगा.

‘मनाचा आजार’ हा विषय नको असेल, तर झोपेची तक्रार पुढे करा; झोप लागत नाही हे सांगण्यात फौजी माणसाला कमीपणा वाटत नाही. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या (ईसीएचएस) पॉलिक्लिनिकमधून तज्ज्ञांकडे पाठवण्याची सोय असते. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य, मराठीतही बोलता येते, आणि तेथे आधी आपण स्वतः फोन केला तरी चालेल. आघातावर केंद्रित समुपदेशनाचा बऱ्याच जणांना चांगला उपयोग होतो. गोळ्या दिल्या, तर त्यांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात, म्हणून त्या मध्येच सोडू देऊ नका. दारूने डोळा लागतो खरा, पण उत्तररात्री झोप मोडते. तरीही रोजची दारू एकाएकी बंद केल्यास फिट येऊ शकते, त्यामुळे ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सोडवावी.

रात्री ते ओरडत उठले, तर खांदा धरून हलवू नका, कारण अर्धवट झोपेत हात उगारला जाऊ शकतो. दिवा लावा, पायथ्याशी थोडे लांब उभे राहून नावाने हाक मारा आणि ‘आपण घरी आहोत’ एवढेच सांगा. काय घडले ते खोदून विचारू नका. स्वतःहून बोलतील तेव्हा मध्येच सल्ला न देता ऐकून घ्या. (सव्वीस जानेवारीच्या सत्कारात ध्वनिक्षेपक हाती देऊन ‘एखादा थरारक प्रसंग सांगा’ असा आग्रह धरणाऱ्या गावकऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे.)

घरात परवान्याची बंदूक असल्यास ती सध्या घराबाहेर सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था त्यांच्याशी बोलून, कायदेशीर मार्गाने करा. जगण्यात अर्थ नाही अशी भाषा त्यांच्या तोंडी आली, तर त्यांना एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या. त्यांच्या पलटणीतला एखादा जुना सुभेदार जवळपास राहत असेल, तर पहिल्या भेटीला त्यांना सोबत घ्या. आपले न ऐकणारे हवालदार त्यांचा शब्द सहसा मोडणार नाहीत.