किर्गिझस्तानातल्या इसिक-कुल सरोवराच्या काठी, चोल्पोन-आता गावात, आई-वडिलांसोबत आठ दिवस राहिलो तर किर्गिझ संस्कृती खरंच पाहायला मिळेल का?

मिळेल, पण चोल्पोन-आतामध्ये आठही दिवस काढायचे म्हणताय, तसं केलंत तर नाही. तिथे तुम्हाला गोव्यासारखा किनारा मिळेल, फक्त मागे बर्फाचे डोंगर.

मी बिश्केकला, म्हणजे तिथल्या राजधानीत, एमबीबीएस केलं. चौथ्या वर्षी जुलैमध्ये आई-बाबा लातूरहून आले, तेव्हा चार दिवस इसिक-कुल आणि दोन रात्री सोंग-कुल हे डोंगरातलं दुसरं सरोवर, असं फिरलो. आज पुन्हा ठरवायचं तर उलटं करेन.

इसिक-कुल वाईट आहे असं नाही. १६०७ मीटर उंचीवर, ६६८ मीटर खोल, पाणी किंचित खारट. भर हिवाळ्यातही गोठत नाही, म्हणून नावच 'उष्ण सरोवर'. पण उत्तर किनारा सोव्हिएत काळापासून आरोग्यधामांचा आणि सुट्टीवाल्यांचा. उन्हाळ्यात रशियन, कझाक कुटुंबांची गर्दी, पेडल-बोटी, काड्यांवर टांगलेले धुरावलेले मासे. चोल्पोन-आतामधली दगडांवरची प्राचीन चित्रं तेवढी बघा, बाबांना आवडली. रानबोकडांची चित्रं कोरलेले दगड उघड्या माळावर पसरलेत, टोपी न्या.

सोंग-कुल मात्र ३०१६ मीटरवर. कोचकोर गावातून गाडी ठरवून काल्माक-आशू खिंडीतून जायचं. झाड एकही नाही. गवत, पाणी, आभाळ आणि घोडे. जून ते सप्टेंबर मेंढपाळांची कुटुंबं गुरं घेऊन वर येतात. या उन्हाळी कुरणाला ते जैलू म्हणतात. राहायचं त्यांच्याच नमद्याच्या (दाबलेल्या लोकरीच्या) गोल तंबूत. पाहुण्यांसाठी वेगळे तंबू लावलेले असतात, पण जेवण आणि उठबस घरच्यांसोबत.

आईला तिथे काहीच परकं वाटलं नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. तंबूत शिरल्या शिरल्या म्हणाली, "अगं बाई, गोवऱ्या!" झाडं नाहीत म्हटल्यावर चूल वाळलेल्या शेणावरच. सकाळी घोड्या पिळताना बघायला गेलो. शिंगरं जमिनीलगत ताणलेल्या दोरीला बांधलेली. एक सोडून त्याच्या घोडीपाशी आणायचं, दोन घोट पिऊ द्यायचं, पान्हा सुटला की बाजूला ओढून बाई गुडघ्यावर बादली टेकवून पिळायला लागते. घोडीची कास लहान, म्हणून दिवसातून चार-पाच वेळा हेच. आई म्हणाली, आमच्या कपिलेचंही असंच होतं.

ते दूध धुरी दिलेल्या चामडी पखालीत आंबवतात आणि लाकडी दांड्याने घुसळतात. तयार होतं ते कुमिस. घुसळण्याच्या दांड्याला म्हणतात बिश्केक. म्हणजे मी पाच वर्षं रवी नावाच्या गावात शिकत होतो! आईने एजेच्या (मोठ्या बहिणीला किंवा मावशीच्या वयाच्या बाईला एजे म्हणायचं) हातून दांडा घेतला आणि अशी लयीत घुसळायला लागली की एजे हसत बाजूला बसली. दोघींना एकमेकींची भाषा शून्य. कुमिस मात्र आईने एक घोट घेऊन खाली ठेवलं. आंबट ताक, त्यात धुराचा वास आणि थोडी झिंग. आई-वडील दारूला शिवत नसतील तर आधी सांगून ठेवा, त्यात अल्कोहोल थोडं असतंच.

बाबांना दाराच्या बरोबर समोर बसवलं. त्या जागेला तोर म्हणतात, ती वडीलधाऱ्यांची आणि पाहुण्यांची. चहा अर्धी वाटीच आला तेव्हा बाबा माझ्याकडे बघायला लागले. अर्धी अशासाठी, की गरम गरम पुन्हा पुन्हा ओतता यावा, म्हणजेच बसा निवांत. जेवण संपलं की सगळे तोंडावरून हात फिरवतात, आपणही फिरवावा. तंबूच्या वरच्या गोल चौकटीला तुंदुक म्हणतात. देशाच्या झेंड्यावर सूर्याच्या मधोमध तेच आहे. रात्री झोपल्यावर ते दाखवलं तर बाबा म्हणाले, झेंड्यावर छप्पर ठेवणारे लोक, कमाल आहे.

शाकाहारी असाल तर 'एत जोक' (मांस नाही) म्हणायला शिका. तरी सूपमधले तुकडे काढून तेच सूप पुढे येऊ शकतं, त्यांच्या लेखी ते शाकाहारीच. ब्रेड, घट्ट साय, जॅम आणि बोरसोक नावाचे तळलेले पिठाचे तुकडे यांवर दोन दिवस सहज निघतात. बोरसोक म्हणजे आपले शंकरपाळेच, फक्त गोड नाहीत आणि मऊ.

उंचीचं मात्र हलक्यात घेऊ नका. पहिल्या रात्री बाबांचं डोकं जाम दुखलं. बिश्केक जेमतेम ८०० मीटरवर, तिथून थेट वर जाऊ नका. आधी इसिक-कुलला दोन-तीन दिवस काढा, मग चढा. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच. जुलैमध्येही रात्री स्वेटर, कानटोपी लागते. संडास तंबूपासून लांब असतो, टॉर्च हवाच. वर एटीएम नाही, सोम (तिथलं चलन) कोचकोरलाच काढून घ्या.

आईने तांदूळ, मूगडाळ आणि छोटा कुकर नेला होता, तरी खिचडीत कणी राहिली. त्या उंचीवर पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळतं, कुकरशिवाय भात लवकर शिजत नाही. कुकर न्यायचाच असेल तर शिट्टी बघून घ्या. आमची बिश्केकच्या ओट्यावर राहिली होती.