जगभरातल्या मानवी हक्कांच्या पायमल्लीवर कोणत्या डॉक्युमेंटरी बघाव्यात? रक्तपात बघवत नसेल तर सुरुवात कुठून करावी?

रक्तपात बघवत नाही असं तुम्ही प्रश्नातच लिहिलंय, म्हणून उत्तर द्यायला बसलो. मलाही बघवत नाही. शहाद्याला माझं चष्म्याचं दुकान आहे, सिनेमातलं फारसं कळत नाही. पण गेल्या सात-आठ वर्षांत या विषयावरचं बरंच काही दुकानात बसून पाहिलं आणि त्याची सुरुवात एका चष्मेवाल्यामुळेच झाली.

तो चष्मेवाला 'द लूक ऑफ सायलेन्स' (2014) मधला. इंडोनेशियात 1965-66 साली कम्युनिस्ट म्हणून किमान 5 लाख माणसं मारली गेली. लष्कर पाठीशी होतं आणि हात गावोगावच्या टोळ्यांचे. मारणारे नंतर त्याच गावांत मानाने राहिले, काही तर पुढारी झाले. आदी नावाच्या माणसाचा मोठा भाऊ त्यात गेला, आदी जन्मला तो त्यानंतर. चष्मे लावून देणं हा त्याचा धंदा. तो मारेकऱ्यांच्या घरी जातो, डोळे तपासतो, आणि तपासता तपासता हळूच विचारतो की त्या वेळी काय झालं होतं.

आमच्या धंद्यातली ट्रायल फ्रेम तुम्ही पाहिली असेल, ती जड, गोल, जिच्यात एकेक काच टाकून नंबर काढतात. ती नाकावर चढली की माणूस गप्प होतो. मान हलवत नाही, समोर बघतो, आणि विचारलं त्याचं खरं उत्तर देतो, कारण खोटं सांगितलं तर नंबर त्याचाच चुकणार. "आते दिखस का? का मघाशी बरं व्हतं?" हे मी 30 वर्षं विचारतोय. या फिल्ममध्ये तशीच लाल फ्रेम डोळ्यांवर घेतलेला एक म्हातारा सांगतो की मारलेल्यांचं रक्त आम्ही प्यायचो, नाहीतर वेड लागलं असतं. खरी मारहाण कुठेच दाखवलेली नाही. आदी पुढची काच टाकतो, बस. मी तिथे फोन बंद केला. समोर गिऱ्हाईक उभं होतं आणि त्याच्या चष्म्याचा स्क्रू बोटांतून तीनदा निसटला. उरलेली फिल्म मी चार दिवसांत तुकड्या-तुकड्याने पाहिली. तुम्हीही तशीच बघा, एका बैठकीत संपवायचा हट्ट नको.

शेवटची नावं सरकायला लागली की लगेच उठू नका. दिग्दर्शक जोशुआ ओपनहायमरचं नाव येतं, पण तिथल्या स्थानिक मंडळींपैकी कित्येकांच्या जागी नुसतं 'अनामिक' लिहिलेलं आहे. त्याची आधीची फिल्म 'द ॲक्ट ऑफ किलिंग' (2012) जास्त गाजली. तिच्यात मारेकरी स्वतःच आपले खून हॉलिवूड थाटात करून दाखवतात. ती दुसरी बघा, पहिली नको. डोकं सुन्न होतं.

आता आपल्याकडचं. 1 जुलै 2018, साक्री तालुक्यातला राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आली अशी अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होती. मंगळवेढ्याकडचे पाच नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षेकरी. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकलं. त्याचा व्हिडिओ माझ्या फोनवर दोन ग्रुपांतून आला, आणि खोटं कशाला बोलू, मी तो उघडला. अर्ध्यातच बंद केला. त्यात नुसते हात आणि काठ्या. ती माणसं कोण, घरी कोण वाट बघतंय, मारणारे दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय करत होते, यातलं काहीच नाही. आदीच्या फिल्ममध्ये नेमकं हेच आहे. म्हणून रक्ताला घाबरून या डॉक्युमेंटरींपासून लांब राहू नका. चांगल्यांमध्ये ते बहुतेक नसतंच.

कंबोडियावरची रिथी पान यांची 'एस-21' (2003) घ्या. नोम पेन्हमधल्या एका शाळेचा ख्मेर रूजने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या कम्युनिस्ट राजवटीने, तुरुंग केला होता, 12,000हून जास्त माणसं तिथून मरणाकडे गेली. त्याच रिकाम्या खोल्यांत जुना पहारेकरी आपली रोजची ड्यूटी करून दाखवतो. कडी लाव, दरडाव, पुढच्या खोलीत जा. समोर कैदी कोणीच नाही. चिलीच्या वाळवंटावरची 'नॉस्टॅल्जिया फॉर द लाइट' (2010) त्यामानाने शांत आहे. हुकूमशहा पिनोशेच्या राजवटीत गायब केलेल्यांची हाडं बायका वर्षानुवर्षं वाळूत शोधतात, शेजारी दुर्बिणी आभाळ धुंडाळतात. युक्रेनच्या युद्धावरची '20 डेज इन मारियुपोल' (2023) मात्र सध्या राहू द्या. इस्पितळातली लेकरं बघवत नाहीत. तिला ऑस्कर मिळालं म्हणून लोक तिथूनच सुरुवात करतात आणि पुढे काही बघतच नाहीत.

सबटायटल वाचायचा कंटाळा असेल तर आनंद पटवर्धनांची 'जय भीम कॉम्रेड' (2011). 11 जुलै 1997ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलीस गोळीबारात 10 जण गेले, तिथून ती सुरू होते. बनायला 14 वर्षं लागली. लांब आहे, पण गाण्यांमुळे लांबी जाणवत नाही.

आणि खान्देशातले असाल तर 'अ नर्मदा डायरी' (1995), पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांची. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली 33 गावं आली, ती सगळी आपल्या अक्कलकुवा-धडगावची. तेव्हा नंदुरबार वेगळा जिल्हाही नव्हता, सगळं धुळ्यातच. त्यांतलंच एक गाव मणिबेली, ते त्या फिल्ममध्ये दिसतं. धरणाला मिळणारं जागतिक बँकेचं कर्ज 1993 मध्ये बंद झालं, धरण काही बंद झालं नाही.

मागच्या बाजाराला तळोद्याकडच्या पुनर्वसन वसाहतीतला एक म्हातारा जवळच्या चष्म्यासाठी आला होता. अक्षरं येत नाहीत त्यांना मी सुई-दोरा देतो. दोरा ओवला गेला की नंबर बरोबर. याने दुसऱ्या खेपेला ओवला. मग रजिस्टरात लिहायला गाव विचारलं, तर वसाहतीचं नाव न सांगता नर्मदेकाठचं सांगितलं, पाण्याखाली गेलेलं. मी तेच लिहिलं. त्याचा चष्मा तयार होऊन पडलाय. पुढच्या बाजाराला येईल तेव्हा डोळ्यावर चढवून देतो आणि ती फिल्म फोनवर लावून देतो. कोणी ओळखीचं दिसलं तर सांगेल.