जाळीत शिरलेला कुत्रा शोधायचा कसा?

काजूला मोहोर धरला की बागेत डुकरांचा राबता वाढतो आणि राखणीच्या कुत्र्यांबद्दल पत्रं यायला लागतात. यंदाचे बरेचसे प्रश्न एकाच अडचणीभोवती फिरतात. कुत्रा गडगा, म्हणजे बागेचं दगडी कुंपण, ओलांडून दाट झुडपांच्या जाळीत शिरतो आणि मग ना दिसतो ना ऐकू येतो. त्यांतले काही निवडून इथे उत्तरं देतो आहे.

लांज्याजवळ आमची काजूची बाग आहे. गडग्यापलीकडे सगळी रानमोडी आणि करवंदी. डुकराची चाहूल लागली की आमचा गावठी कुत्रा आत घुसतो, मग तासन्‌तास पत्ता नाही. गळ्यात घाटी (गुरांच्या गळ्यात असते तशी घंटा) बांधू की जीपीएसचा पट्टा घेऊ?

आधी घाटी बांधा. पट्ट्याचा विचार नंतर करू.

जीपीएस तुम्हाला कुत्र्याची जागा सांगतो, तीही शेवटचा संदेश आला तेव्हाची. घाटी सांगते तो या क्षणी काय करतोय ते. कुत्रा नुसता हिंडत असेल तर ठोके संथ आणि तुटक येतात. वास लागला, नाक जमिनीला टेकलं, की ते बारीक आणि भराभर होतात. पाठलाग सुरू झाला की एकसलग खणखणाट. घाटी अचानक थांबली आणि त्याच जागेवरून भुंकणं सुरू झालं, तर समोर जनावर कुत्र्याकडे तोंड करून उभं आहे असं समजा. अशा वेळी माणसाने जाळीत शिरू नये. पिल्लं असलेली डुकरीण किंवा एकटा सुळेवाला नर माणूस आणि कुत्रा असा भेद करत नाही. घाटीही थांबली आणि भुंकणंही नाही, तर मात्र त्या दिशेला जाऊन बघायला हवं. ही भाषा दोनचार दिवसांत कानात बसते, फक्त त्या वेळी मोबाईलवर गाणी नकोत.

घाटी जाड पितळेची आणि खालच्या आवाजाची घ्या. बारीक घुंगरांचा चिरका आवाज पानांत लवकर विरतो, जाड आवाज लांब जातो. दोनतीन बांधू नका, नाद एकमेकांत मिसळतो. पट्टा रुंद आणि सपाट असावा, मान आणि पट्टा यांच्यामध्ये दोन बोटं जावीत एवढाच सैल. साखळी किंवा गळा आवळणारा पट्टा घालून कुत्र्याला जाळीत कधीही सोडू नका. करवंदीच्या फांदीत ती अडकली तर सोडवायला तिथे कोणी नसतं. घरी आला की घाटी काढा, दिवसभर कानाशी तो आवाज कुत्र्यालाही नको असतो.

पट्टा भगवा किंवा झगझगीत गुलाबी घ्या. तांबूस गावठी कुत्रा जांभ्याच्या तांबड्या मातीवर आणि दिवाळीनंतर वाळलेल्या गवतात दहा पावलांवरही दिसत नाही. कुत्र्याला स्वतःला भगवा रंग आपल्यासारखा दिसत नाही, त्यामुळे त्याच्या कामात अडथळा येत नाही. टॉर्चच्या उजेडात चमकणारी पट्टी त्यावर शिवून घेतलीत तर रात्री डोळ्यांआधी पट्टा दिसेल.

आता जीपीएस. बाजारात सहज मिळतात ते बहुतेक पट्टे सिमकार्डावर चालतात. म्हणजे जागा उपग्रहांवरून काढली, तरी ती तुमच्या फोनपर्यंत पोचायला मोबाईलची रेंज लागते. वहाळात रेंज नसेल तर नकाशावर दिसतो तो जुना ठिपका. घेण्याआधी आपल्या रानाच्या चार कोपऱ्यांत फोन घेऊन फिरा. जिथे फोन लागत नाही तिथे पट्टाही लागणार नाही. दाट ओल्या झाडोऱ्याखाली जागेत काही मीटरांची चूकही पडते, म्हणून ठिपक्यावर जाऊन उभं राहिलात तरी शेवटचा शोध कानानेच घ्यावा लागतो. यंत्राचा अँटेना आकाशाकडे, मानेच्या वरच्या बाजूला राहील असं बांधा. यंत्र गळ्याखाली लोंबकळत राहिलं तर कुत्र्याचं अंगच मध्ये येतं.

भाचा अमेरिकेतून शिकारी कुत्र्यांचा रेडिओवाला पट्टा आणतो म्हणतो. त्याला सिम लागत नाही. शिवाय स्वस्तातल्या ब्लूटूथ टॅगनेही भागेल असं एक जण म्हणाला. काय करू?

टॅग घराच्या किल्लीला लावा. तो आपली जागा स्वतः सांगत नाही, जवळून जाणाऱ्या कुणाच्या तरी फोनला सांगतो. करवंदीच्या जाळीत तो फोन कुणाचा असणार?

रेडिओचे पट्टे खरोखर चांगले असतात, दाट रानासाठीच बनवलेले. अडचण कायद्याची आहे. अमेरिकेत ते १५१ ते १५४ मेगाहर्ट्‌झच्या ज्या लहरींवर चालतात, त्या तिथे विनापरवाना वापरता येतात. भारतात तशी मोकळीक नाही, परवाना लागतो. भाच्याला सांगा, आणू नकोस.

लष्करानेही मुधोळ कुत्रे घेतले असं वाचलं. बागेसाठी मुधोळ किंवा कारवानी आणला तर डुकरांचा बंदोबस्त होईल का? (गुहागर)

नाही. हा कुत्रा देशावरच्या उघड्या माळासाठी घडला. तो डोळ्याने पाठलाग करतो आणि वाऱ्यासारखा पळतो. तुमच्या बागेत वीस पावलांपलीकडे काही दिसत नाही. शिवाय त्याची कातडी पातळ आणि केस आखूड, काट्याने सोलून निघेल. कोकणात नाकाने काम करणारा, मध्यम अंगाचा, काटक गावठी कुत्राच घ्या. गल्लीतलं एखादं चांगलं पिल्लू कमी मोलाचं समजू नका.

घरी हाक मारली की धावत येतो, पण रानात वास लागला की बहिरा होतो. ओरडून घसा बसतो. शिट्टी शिकवावी का?

जरूर. ओरडण्यात दोन तोटे आहेत. रोज वेगळ्या सुरात हाक जाते, आणि तुमचा राग त्यात ऐकू येतो. शिट्टीचा सूर रोज तोच, बापाने फुंकली काय किंवा मुलीने फुंकली काय.

सुरुवात जेवणाच्या ताटलीपासून करा. ताटली खाली ठेवताना तीन आखूड शिट्ट्या, रोज, न चुकता. आठवडाभरात तीन शिट्ट्या म्हणजे जेवण हे डोक्यात बसतं. मग घराच्या मागच्या दारातून, मग परड्यातून, मग सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या कातळपठारावर. सड्यावर नेताना पंधरा मीटरचा दोर पट्ट्याला बांधा. हे काम जाळीत करू नका, दोर अडकून कुत्रा घाबरेल. सड्यासारखी मोकळी जागा या शिक्षणाला दुसरी नाही. शिट्टी दिली, वळला नाही, तर दोर हलकेच ओढून त्याला आपल्याकडे आणा आणि आला की खाऊ द्या. उकडलेल्या कलेजीचा तुकडा उत्तम. सुकट किंवा खारा बांगडा नको, मीठ फार.

या सगळ्यावर पाणी फिरवणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे उशिरा आलेल्या कुत्र्याला मारणं. तुम्ही त्याला उशिराची शिक्षा देता, तो येण्याची शिक्षा समजतो. पुढच्या वेळी गडग्यापाशी येऊन उभा राहील, आत पाऊल टाकणार नाही. कितीही चिडलात तरी आल्यावर पाठीवर हात फिरवा.

आणखी एक सवय लावा. बागेत त्याच्याबरोबर चालताना तुम्ही मधूनच, न सांगता, दिशा बदला. लक्ष नसलेला कुत्रा मागे राहतो, दचकतो, शोधत येतो. असं होत गेलं की तो काम करतानाही तुमच्यावर एक कान ठेवतो. आपण सगळे कुत्रा कुठे आहे याचीच काळजी करतो. आपण कुठे आहोत हे त्याला कायम माहीत असलं तर निम्मी शोधाशोध होतच नाही.

काल संध्याकाळी कुत्रा रानात गेला तो आलाच नाही. सगळी वाडी टॉर्च घेऊन हिंडली. अशा वेळी नेमकं काय करावं? (राजापूर)

तुमचा कुत्रा हे वाचेपर्यंत घरी आलेला असो. पुढच्या वेळेसाठी मात्र सांगतो, सगळी वाडी रानात घालू नका. माणसांच्या पायांनी वासाची वाट मोडते आणि गलक्यात कुत्र्याचं कण्हणं ऐकू येत नाही.

जिथून तो आत शिरला तिथे एकाने बसावं. अंगातला घामट शर्ट तिथे ठेवा, त्याची झोपायची गोणपाट असेल तर तीही, आणि पाणी. पण तो शिरला त्याच वाटेने परतेल असं धरून चालू नका. चेक प्रजासत्ताकात २७ शिकारी कुत्र्यांना जीपीएस लावून केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. काही कुत्रे आलेल्या वाटेवरूनच वास घेत परतले, तर काही अगदी नव्या वाटेने. नव्या वाटेने परतणारे बरेचदा आधी वीसेक मीटर उत्तर-दक्षिण रेषेवर धावत आणि मग मालकाकडे वळत. म्हणून दुसरा माणूस बाजूच्या पायवाटेवर हवा.

आता वारा. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो, ते इथे कामाला येतात. दुपारी वारा समुद्राकडून डोंगराकडे वाहतो, रात्री आणि पहाटे डोंगराकडून समुद्राकडे. तुमचा वास आणि शिट्टी कुत्र्यापर्यंत पोचायची तर वारा तुमच्याकडून त्याच्याकडे जायला हवा. म्हणजे दुपारी जाळीच्या पश्चिमेला उभे राहा, रात्री पूर्वेला. घाटी ऐकायला मात्र याच्या बरोबर उलट बाजू चांगली. दोघे असाल तर एकाने शिट्टी द्यावी, दुसऱ्याने पलीकडे गप्प उभं राहून ऐकावं. पावसाळ्यात हा हिशेब चालत नाही, तेव्हा वारा नैर्ऋत्येचाच. शिट्टी दिली की पाच मिनिटं शांत राहा. निजानीज झाल्यावर आणि पहाटे कोंबडा आरवण्याआधी आवाज सगळ्यात लांबून येतो.

उजाडताच पहिल्यांदा कठडा नसलेल्या विहिरी आणि बंद पडलेल्या चिरेखाणी बघा. चिरेखाणीच्या कडा यंत्राने कापलेल्या, भिंतीसारख्या सरळ. पावसाचं पाणी साचलेलं असतं. पडलेला कुत्रा पोहत राहतो, पण नखं रोवायला कुठे जागा नसते. अशा खोल जागी जीपीएसही आंधळा होतो. काठावर आडवं पडून खाली बघा, हाक मारून थांबा.

मग फास. डुकरांसाठी लावलेला तारेचा फास डुकरालाच पकडेल असं नसतं, त्यात कुत्रेही मरतात आणि बिबटेही. खिशात तार कापायची पक्कड ठेवा. कुत्रा कुंपणाच्या तारेजवळ निपचित दिसला तर त्याला हात लावू नका, आधी वीज बंद करून घ्या. कुणी डुकरासाठी थेट लाईनचा करंट सोडलेला असतो आणि शोधायला गेलेला माणूसच दगावतो. फासात बिबट्या दिसला तर जवळ न जाता वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

आमच्याकडे पारधीला कुत्रे न्यायची रीत आहे. माझा कुत्रा हुशार आहे. त्याला शिकारीसाठी कसा तयार करू?

याला मी मदत करणार नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकारीची व्याख्या मारण्यापुरती नाही. जनावर हाकणं, कुत्रे मागे लावून पळवणं, फास लावणं आणि यांतल्या कशाचाही प्रयत्न, हे सगळं त्यात येतं. पीक खाणाऱ्या डुकराचा बंदोबस्त वनखात्याच्या परवानगीनेच करायचा असतो. हुशार कुत्र्याला गडग्याच्या आत राहून भुंकायला शिकवा. डुक्कर आवाजानेच वळतं, आणि कुत्रा तुमच्या डोळ्यांसमोर राहतो. रात्री त्याला मोकळा ठेवू नका. बिबट्याला कुत्रा हे सोपं भक्ष्य आहे.

रानातून आल्यावर काय तपासायचं?

कानांपासून सुरू करा. कुसळी गवताचं कुसळ कानात शिरलं की आत आतच सरकत जातं. कुत्रा मान एका बाजूला तिरकी धरून डोकं झटकत असेल तर घरी काडी घालू नका, डॉक्टरकडे न्या. मग बोटांच्या बेचक्या, काखा आणि शेपटीखालची जागा, गोचीड तिथे बसते. ती चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, रॉकेल लावू नका. पोटावर आणि मांडीच्या आतल्या बाजूला केस उलटे करून बघा. डुकराच्या सुळ्याची जखम वरून बोटभर दिसते आणि आत खोल गेलेली असते. ती हळद भरून बंद करू नका, स्वच्छ पाण्याने धुऊन त्याच दिवशी टाके घालून घ्या. पाय किंवा तोंड झपाट्याने सुजत असेल तर फुरसं किंवा घोणस चावली असं धरा आणि कुत्र्याला चालवत न नेता उचलून दवाखान्यात न्या. रेबीजची लस दरवर्षी चुकवू नका. कोल्ह्याशी किंवा मुंगसाशी झटापट झाली असेल तर लस दिलेली असली तरी डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा, आणि त्याची लाळ तुमच्या जखमेला लागली असेल तर स्वतःही दवाखाना गाठा.