आखाती देशांकडे तेल-वायू असताना ते कचऱ्यापासून वीज का बनवतात?

तुम्ही विचारलंय, "ज्यांच्याकडे तेल आणि वायू फुकट आहे त्यांनी कचरा जाळून वीज करणं हा निव्वळ देखावा नाही का? याने शाश्वतता कशी येणार?" मी आखातातल्या अशाच एका प्लांटवर सात वर्षं बॉयलर ऑपरेटर होतो. 'देखावा' हा शब्द लागला, म्हणून लिहायला बसलोय.

आधी त्या 'फुकट'बद्दल. यूएई (दुबई, शारजा ज्यात येतात तो देश) २००७ पासून डॉल्फिन पाइपलाइनने कतारकडून वायू विकत घेते. दुबईकडे तर स्वतःचं तेल फार थोडं आहे. आणि या प्लांटकडे वीज केंद्र म्हणून बघितलं तर गणित कधीच जुळणार नाही. शारजाचा प्लांट २०२२ मध्ये सुरू झाला. तो वर्षाला ३ लाख टन कचरा घेतो आणि ३० मेगावॅट देतो. दुबईतला वरसानचा प्लांट जगातल्या मोठ्यांत मोडतो: वर्षाला सुमारे १९ लाख टन कचरा आणि २०० मेगावॅटच्या आसपास वीज. त्याच दुबईच्या सौर पार्कचा नुसता पाचवा टप्पा ९०० मेगावॅटचा आहे आणि त्याचा दर युनिटला १.७ अमेरिकन सेंटच्या आसपास ठरला. विजेसाठीच करायचं असेल तर कचऱ्याला कोण हात लावेल? कचरा जाळतात तो कचरा संपवायला. वीज त्यातून मिळते, एवढंच.

"वाळवंट एवढं पडलंय, खड्डा करा आणि पुरा," असं लोक सहज म्हणतात. उघड्या कचऱ्यातलं प्लास्टिक वाऱ्याने मैलोन् मैल जातं आणि उंट ते खातात. दुबईच्या पशुवैद्यकीय प्रयोगशाळेने तपासलेल्या सुमारे ३०,००० मृत उंटांपैकी ३०० उंटांच्या पोटात प्लास्टिकचे घट्ट गोळे निघाले होते. पुरलेल्या अन्नातून मिथेन निघतो तो वेगळाच. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापवणारा आहे. म्हणून जाळणं पुरण्यापेक्षा चांगलं, हे मी छातीठोकपणे सांगतो.

पण सगळंच जाळणं? तिथे माझा विरोध आहे, आणि तो एका रात्रीमुळे आहे.

रमजानचा तिसरा आठवडा होता. माझी रात्रपाळी. मध्यरात्रीनंतर गाड्यांची रांग लागली, कारण इफ्तारचं उरलेलं सगळं त्याच वेळी यायचं. बंकरवर, म्हणजे कचरा साठवायच्या खड्ड्यावर, ग्रॅब (क्रेनचा पंजा) चालवणारा नेपाळचा मुलगा होता, हाताचा फार हुशार. ओला माल दिसला की तो कोपऱ्यातून पुठ्ठा, लाकडी पॅलेट, फाटक्या गाद्या उचलून त्यात कालवायचा, मगच हॉपरमध्ये, म्हणजे भट्टीच्या तोंडात, टाकायचा. चांगल्या भट्टीचं निम्मं श्रेय या कालवणाऱ्याचं असतं, ऑपरेटरचं नाही. त्या रात्री कोरडा माल संपला. स्क्रीनवर भट्टीचं तापमान ९७० वरून ९२०, मग ८८० वर आलं. निघणारा वायू किमान दोन सेकंद ८५० अंशांच्या वर राहिलाच पाहिजे, नाहीतर डायॉक्सिन नावाचे विषारी पदार्थ धड जळत नाहीत. त्याच्या खाली जायची वेळ आली की तापमान टिकवायला ठेवलेले सहायक बर्नर आपोआप पेटतात. आमचे बर्नर डिझेलवर होते. ते पेटले आणि सकाळपर्यंत सारखे पेटत राहिले.

पहाटे मी टिपिंग हॉलमध्ये, गाड्या कचरा ओततात तिथे, खाली उतरलो. एक गाडी नुकतीच रिकामी होत होती. अॅल्युमिनियम फॉइलचे ट्रे, झाकणं न उघडलेली, आत बिर्याणी. झाकणांवर केटरिंगवाल्याचं लेबल होतं. ते लेबल मी ओळखलं, कारण माझा साडू त्याच केटरिंगमध्ये सुपरवायझर होता. कामगारांच्या कॅम्पांना जेवण पुरवायचं त्याचं काम.

शुक्रवारी त्याच्याकडे जेवायला गेलो तेव्हा न राहवून म्हणालो, "साडूभाऊ, तुमची बिर्याणी जाळायला आम्ही रात्रभर डिझेल ओतलं." तो चिडला. म्हणाला, "अहो, मग तुमचा प्लांट बांधलाय कशाला? आमचा कचरा नसेल तर तुमचा पगार कुठून निघेल?" त्याचं म्हणणं होतं की करार माणशी ठरलेला. चारशे माणसांचं लिहून दिलं की चारशेचंच शिजवायचं, अडीचशे आले तरी. कमी पडलं तर दंड, उरलं तर कोणी विचारत नाही. ओलं-सुकं वेगळं करायचे डबे ठेवू का, असं त्यानेही वर विचारलं होतं. उत्तर आलं, "प्लांट आहे ना, सगळं जळतं."

हेच वाक्य मला आजही सलतं. प्लांट आला की स्वयंपाकघराला वाटतं आपली जबाबदारी संपली. हे मी साडूला तेव्हाही सांगितलं, पुढच्या ईदला सांगितलं, सांगलीत त्याच्या पुतणीच्या लग्नात मांडवात सांगितलं. तिथे तो सगळ्यांसमोर म्हणाला, "हे कचरा जाळतात आणि आम्हाला शिकवतात." हो, मी कचरा जाळत होतो. ते काम मला कधी हलकं वाटलं नाही.

हिशेब एकदाच मांडतो. शिजलेल्या अन्नात साधारण ७० टक्के पाणी असतं, म्हणजे एक टनात ७०० लिटर. एवढ्या पाण्याची वाफ करायला सुमारे ५० लिटर डिझेलइतकी उष्णता लागते. आणि आखातातलं बहुतेक पिण्याचं पाणी समुद्राचं खारेपण काढून, भरपूर ऊर्जा खर्चून केलेलं असतं. आधी ऊर्जा जाळून पाणी गोडं करायचं, ते भातात शिजवायचं आणि मग भट्टीत ऊर्जा जाळून उडवून टाकायचं. आपल्याकडे दिल्लीत तिमारपूरला १९८७ मध्ये डेन्मार्कच्या तंत्राने रोज ३०० टनांचा प्लांट उभा केला होता. तो काही आठवड्यांतच बंद पडला, कारण तिथला कचरा जळण्याइतका कोरडाच नव्हता. आखातात तीच चूक पैशाच्या आणि डिझेलच्या जोरावर झाकता येते, एवढाच काय तो फरक.

साडूच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. अन्नाच्या उरलेल्या ३० टक्के कोरड्या भागात उष्णता असते, त्यामुळे एकूण हिशेब तोट्यात जात नाही. पण किलोमागे हाती उरते ती जेमतेम ८०० किलोकॅलरी, आणि भट्टी स्वतःच्या बळावर चालायला साधारण दीड हजार तरी लागतात. दुसरं, प्लास्टिक जाळणं म्हणजे तेलच जाळणं आहे, त्यामुळे या विजेला सरसकट 'हरित' म्हणू नका. तिसरं, वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त राख उरते आणि चिमणीच्या फिल्टरमधली राख विषारी असते. ती पुरावीच लागते.

मग करावं काय? अन्न भट्टीत येऊच देऊ नये. कतारच्या मेसाईदच्या केंद्रात २०११ पासून भट्टीबरोबर जैविक कचऱ्यापासून गॅस आणि खत करायची सोय आहे. दुबईत मॅकडॉनल्ड्सने तळणाच्या जुन्या तेलाचं बायोडिझेल करून त्यावर आपले ट्रक चालवले आहेत. स्वयंपाकघरातली गोष्ट स्वयंपाकघराजवळच सुटते. आणि कॅम्पांचे करार माणशी न ठरवता प्रत्यक्ष जेवलेल्या ताटांवर ठरवा. हे मी आठ वर्षं सांगतोय.

तुम्ही प्रकल्प अहवाल लिहीत असाल तर कुठल्याही प्लांटला किती मेगावॅट हे विचारू नका. वर्षभरात सहायक बर्नरमध्ये किती डिझेल किंवा गॅस गेला, आणि रमजानच्या महिन्यात किती, हे विचारा. हेच उत्तर मी आज साडूलाही पाठवतोय. ५० लिटरचा आकडा त्याने स्वतः मांडून बघावा.